दप्तर भरायला लागणारा वेळ

सातवीतला एक मुलगा समजा. सकाळी आई स्वयंपाकघरातून सांगते, "भूगोलाची वही घे, पाण्याची बाटली भर, आणि सहीचा कागद आण इकडं." मुलगा बाटली भरून दारात उभा. वही नाही, कागद नाही. सहाव्या वर्षी त्याच्या मेंदूतली गाठ काढली, मग किरणोपचार, मग केमो. डॉक्टर म्हणाले, बरा झाला. त्यानंतर चार-पाच वर्षांनी घरात एक शब्द शिरतो: आळशी. प्रगतिपुस्तकात तोच जरा सभ्य होऊन येतो: 'लक्ष देत नाही'.

गाठ होती मेड्युलोब्लास्टोमा. मुलांमधल्या मेंदूच्या कर्करोगी गाठींत ही सर्वाधिक आढळते आणि लहान मेंदूत उगवते. हार्वी कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी १९२५मध्ये तिला नाव दिलं, तेव्हा ती बहुतेक मुलांचा जीवच घेई. तिच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून कण्यापर्यंत पसरतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर अख्खा मेंदू आणि कणा किरणांखाली घ्यावा लागतो. यामुळेच आज कमी जोखमीच्या गटातली दहातली सुमारे आठ मुलं पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. त्या सातवीतल्या मुलाची राहून गेलेली वहीही याच उपचाराच्या हिशेबात येते.

मेंदूतले लांब पल्ल्याचे तंतू मायलिनच्या वेष्टणात गुंडाळलेले असतात. उघड्या तंतूतला संदेश सगळी स्टेशनं घेणाऱ्या स्लो लोकलसारखा रखडत जातो, वेष्टणातला फास्ट लोकलसारखा ठरावीक ठिकाणीच थांबत उड्या मारतो. हे वेष्टण चढवण्याचं काम विशीपर्यंत चालतं, आणि नियोजन सांभाळणाऱ्या कपाळामागच्या भागाचा नंबर शेवटी लागतो. किरण वेष्टण बनवणाऱ्या पेशींनाच मारतात. म्हणून सहा वर्षांच्या मुलाचं नुकसान सोळा वर्षांच्या मुलापेक्षा मोठं: त्याचे रूळ अजून टाकायचेच असतात.

इथं एक गैरसमज हमखास होतो. बुद्ध्यंक दर तपासणीला घसरतो, आणि पालकांना वाटतं, मूल शिकलेलं विसरतंय. तसं नसतं. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या संशोधकांनी २००१मध्ये दाखवलं, की ही मुलं नवं शिकत राहतात, पण बरोबरीच्या मुलांच्या निम्म्याहून थोड्या अधिक वेगानं. बुद्ध्यंक मोजतात वयाच्या तुलनेत. मूल दोन पावलं पुढं जातं, वर्ग चार जातो, आकडा खाली येतो. विसरणं आणि हळू शिकणं यांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

ही मुलं कुठं अडतात, ते चाचणीत जवळून दिसतं. 'सात-दोन-नऊ-चार' हे अंक उलटे म्हण, असं सांगितलं की दोन अंक येतात आणि बाकीचे हातातून निसटतात. कागदावर १, अ, २, आ, ३ असे आलटून पालटून ठिपके जोडायचे असले, तर मूल प्रत्येक वळणावर थबकतं. त्यात सिस्प्लॅटिन या औषधानं वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. 'स', 'श', 'फ' नीट पोचत नाहीत, आणि शिक्षकांना ते पुन्हा दुर्लक्षच वाटतं.

मग किरणांची मात्रा का कमी करत नाहीत? केली. ३६ ग्रेवरून (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) २३.४वर आणली, ते निभावलं. मग लहानग्यांसाठी १८वर आणून पाहिली. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत रोग उलटण्याचं प्रमाण वाढलं. दुसरा रस्ता म्हणजे किरण नेमके टाकणं. मेड्युलोब्लास्टोमात अख्खा मेंदू टाळता येत नाही, पण सौम्य आणि मंद वाढणाऱ्या गाठींमध्ये येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी असलेल्या दोनशे मुला-तरुणांवर चाचणी केली. २०१७मध्ये आलेल्या निष्कर्षात नेमक्या किरणोपचारानं जगण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं आणि बुद्धी अधिक टिकली.

घरात-शाळेत करायचं तसं साधं असतं: एका वेळी एकच सूचना, पुढचा बाक, पेपरला जास्त वेळ, दाराला चिकटवलेली दप्तराची यादी. पण उपचारानंतर लगेच झालेली चाचणी ठीक आली म्हणून फाइल मिटू नये. तिसरीत निभावलेलं मूल आठवीत अडखळतं, कारण आठवीत वही कुणी उघडून देत नाही.