पावाची कणीक आणि ऋतुमान

यीस्ट ही एकपेशीय बुरशी पिठातील शर्करा खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडते आणि तो वायू ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातील प्रथिनांच्या चिवट जाळ्यात, अडकल्यामुळे कणीक फुगते. ही क्रिया साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने होते. म्हणून एकाने मळायचे आणि दुसऱ्याने भाजायचे अशी कामाची वाटणी करणाऱ्या जोडप्याने पाककृतीतील ‘एक तास’ प्रमाण मानण्यापेक्षा कणीक दुप्पट झाली की नाही, हे पाहणे अधिक शहाणपणाचे, कारण पुण्यात जानेवारीत रेंगाळणारी तीच कणीक एप्रिलमध्ये गार पाण्यात मळूनही भराभर वर येते. थंडीतील हा विलंब दोष मानला जातो, तो उगाच. सावकाश आंबताना तयार होणाऱ्या आम्लांमुळे पावाची चव उलट खुलते. पावसाळ्यात पीठ हवेतील ओलावा शोषत असल्याने पाणी किंचित कमी लागते. नानकटाईची अडचण निराळी असून, उन्हाळ्यात तूप पातळ होत असल्याने तिचे गोळे ओव्हनमध्ये जास्तच पसरतात, म्हणून ते आधी फ्रीजमध्ये घट्ट करून घ्यावे लागतात.