पारखी नजरेचे व्यवसाय

दुकानाच्या गल्ल्याशेजारी इलेक्ट्रॉनिक काटा असतो. दरवर्षी त्याचे ‘पासिंग’ होते, मुद्रांकन होते आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागते. व्यापारी घरातील मुले ते लहानपणापासून पाहतात; परंतु त्यावर सही करणारी व्यक्ती त्या पदापर्यंत कशी पोहोचली, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो.

घरातील एखादे मूल बोलघेवडे नसते. गिऱ्हाइकाशी घासाघीस त्याला जमत नाही. मात्र रोजमेळात एका रुपयाचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. ‘पेढीवर याचे काय होणार?’ ही चिंता आईवडिलांना लागते. वस्तुतः बारकाईने पाहणे हीच जिथे पात्रता ठरते, अशी क्षेत्रे अनेक आहेत.

पहिले क्षेत्र वजनमापांचेच. वैधमापन कायदा 2009 चा. या खात्यातील निरीक्षकपदासाठी भौतिकशास्त्रासह विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. पदविकाधारकांना अनुभवाची जोड हवी. निवडीनंतरचे प्रशिक्षण रांची येथील राष्ट्रीय संस्थेत होते.

दुसरे क्षेत्र सराफ कुटुंबांना जवळचे. जून 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्यामुळे शुद्धता तपासणाऱ्या केंद्रांना कुशल हातांची गरज असते. तेथे नमुन्याचे सूक्ष्म वजन करून त्यात चांदी घालतात, तो शिशात गुंडाळून भट्टीत तापवतात. शिसे व हलके धातू सच्छिद्र मुशीत शोषले जातात. उरलेल्या गोळीतील चांदी नत्राम्लात विरघळवली की निव्वळ सोने राहते. हजारात 916 भाग भरले, तरच दागिना 22 कॅरेटचा. वजनातील किंचित चूकही निकाल बदलू शकते.

तिसरे क्षेत्र कारखान्यांचे. टाक्या, नळ, बॉयलर यांच्या जोडकामातील भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. ध्वनिलहरी, रंगद्रव्य किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने, वस्तू न फोडता त्या शोधणारे तंत्रज्ञ तीन स्तरांची प्रमाणपत्रे मिळवून वर चढतात. आयटीआय किंवा पदविकेनंतरही येथे प्रवेश मिळतो. मात्र काम दूरच्या साइटवर, कधी रात्रपाळीचे असते. चौविहार पाळणाऱ्यांनी हा विचार आधीच करावा. त्यांना प्रयोगशाळेतील काम अधिक सोयीचे ठरेल.

या साऱ्या कामांत खरी कसोटी यंत्रांची नसते. माल रवाना व्हायचा आहे, गाडी दारात उभी आहे, मालक म्हणतो, ‘एवढ्यावर सही करून टाका.’ त्या क्षणी नकार देता येणे, हीच या व्यवसायाची पुंजी. भेग दिसूनही सही झाली, तर किंमत बॉयलरजवळ उभा असलेला कामगार मोजतो.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि भेसळ यांचा स्पष्ट समावेश आहे. वस्तू पाहून उचलावी, पाहून ठेवावी, ही आदान-निक्षेपण समितीची शिकवण. साधू-साध्वींचे रोजचे प्रतिलेखन म्हणजे जीवदयेसाठी केलेली तपासणीच. ज्या घरात पाणी गाळून पिण्याचा आणि धान्य निवडून घेण्याचा संस्कार आहे, तेथील मुलामुलींना ही नजर नव्याने शिकवावी लागत नाही. दहावी-बारावीच्या निकालानंतर पेढी की नोकरी हा प्रश्न निघेल, तेव्हा या वाटांचाही विचार व्हावा.