घड्याळाचं नाव लागलेला तांदूळ

ऊर्जानगरात तांदूळ विकणं सोपं नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. राज्याच्या कुठकुठल्या भागांतली कुटुंबं इथे नोकरीनिमित्त आलेली. एका घरी भात सुटासुटा लागतो, दुसऱ्या घरी वरणात कालवता येईल असा मऊ. झाडीपट्टीतलं माणूस चार दाणे दाताखाली घेऊनच जुना-नवा ओळखतं. भात गिचका झाला म्हणून कुणी दुकानदाराला चिठ्ठी लिहीत नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानाची पायरी चढतं. म्हणून शहाणा दुकानदार गेल्या खेपेचा तांदूळ कसा निघाला ते स्वतःहून विचारतो, आणि कणी जास्त आली असेल तर राइस मिलवाल्याला तेच ऐकवतो.

अशा तोंडी बोलण्यावर एक अख्खं वाण मोठं झालं, तेही याच चंद्रपूर जिल्ह्यात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले, दीडेक एकराचे शेतकरी. 1983 साली त्यांच्या बांधीत ‘पटेल 3’ धान उभं होतं. त्यातल्या काही लोंब्यांचे दाणे त्यांना वेगळेच दिसले. ते बी त्यांनी बाजूला काढलं आणि पुढच्या हंगामात निराळं लावलं. धानाचं परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे निवडलेला गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. काम उरतं ते दर हंगामात भेसळीची रोपं ओळखून उपटण्याचं. त्याला नजर लागते आणि वर्षं लागतात. खोब्रागडेंनी दोन्ही दिली.

वाण तयार झालं, पण स्वतःच्या तुकड्यात पिकलेलं धान चांगलं म्हणायला शेतकऱ्याचं काय जातं? खरी परीक्षा 1990 च्या सुमारास झाली. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने ते बी नेऊन स्वतःच्या शेतात लावलं आणि पीक भरघोस आलं. धान तळोधीच्या बाजारात गेलं. दाणा बारीक, भात चवदार. व्यापाऱ्याला माल पसंत पडला, पण मालाला नावच नव्हतं. तेव्हा एचएमटीच्या मनगटी घड्याळांची चलती होती. तेच नाव त्याने धानाला देऊन टाकलं. मला ही घटना निव्वळ गंमत वाटत नाही. बिननावाचा तांदूळ कितीही आवडला तरी गिऱ्हाईक तो पुन्हा मागणार कसा? नाव मिळालं आणि खाणाऱ्याची पसंती दुकानातून मिलमध्ये, मिलमधून व्यापाऱ्याकडे आणि तिथून शेतकऱ्यापर्यंत उलटी चालत जायला वाट झाली. बियाण्यासाठी शेतकरी मग आपणहून विचारत आले.

खोब्रागडे एचएमटीवर थांबले नाहीत. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, अशी वाणं त्यांनी पुढे निवडत नेली. बाजाराने एकाला उचलून धरल्यावर त्याच्याच जिवावर बसून राहणारे उत्पादक पुष्कळ असतात. या माणसाला ते जमलं नसावं.

पैशाचा हिशेब मात्र वेगळा लागला. 1994 साली पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या लोकांनी प्रयोगासाठी पाच किलो बी नेलं आणि 1998 साली ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण प्रसारित झालं. विद्यापीठाने केलेलं बियाण्याचं शुद्धीकरण हे खरं काम आहे, नाही असं नाही. पण श्रेयाच्या पहिल्या ओळीत खोब्रागडेंचं नाव असायला हवं होतं, आणि ते आपलं श्रेय मागत राहिले. शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करू देणारा कायदा झाला 2001 साली. तोवर एचएमटी बाजारात रुळून दशक उलटलं होतं, आणि घरचं बी राखून पेरणारा शेतकरी मूळ निवडणाऱ्याला पैसे पाठवत नसतो. 2005 साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, 2010 साली ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. 3 जून 2018 रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्राममध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या वाणांपैकी एकाचं नाव ‘डीआरके’ आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे. हे घड्याळाचं नाही.