मातीच्या आतला सांगाडा

मातीतले उभे मनुष्यशिल्प पाहताना आपली नजर चेहऱ्यावर आणि देहाच्या वळणांवर रेंगाळते. ज्याच्या बळावर ते उभे असते, तो तारेचा सांगाडा, म्हणजेच आर्मेचर, मात्र दिसत नाही. ओली माती जड आणि मऊ असते. आधार नसेल तर हात गळून पडतात आणि पाय घोट्यापाशी दबतात.

थोर कलावंतांचीही यातून सुटका नव्हती. एदगार देगा यांनी १८८१ साली पॅरिसमध्ये मांडलेल्या बालनर्तिकेच्या मेणाच्या शिल्पाची पुढे क्ष-किरण तपासणी झाली. तिच्या आत तारा, दोर आणि चक्क कुंचलेही आढळले. १९१७ साली देगा यांच्या निधनानंतर त्यांच्या कार्यशाळेत सुमारे दीडशे शिल्पे सापडली. त्यांतील कित्येक मोडलेली होती.

सांगाड्याची सुरुवात कागदावर होते. शिल्प ६० सेंटिमीटर उंच करायचे असेल, तर साडेसात डोक्यांच्या प्रमाणानुसार डोके ८ सेंटिमीटरचे येते. उंचीचा मध्य जांघेपाशी असतो. त्याच मापाचे रेखाटन करून त्यावर तार ठेवून वाकवावी. ॲल्युमिनियमची तार सोयीची. ती हाताने वळते आणि लोखंडासारखी गंजत नाही. एक लांब तार एका पावलापासून कण्यातून वर न्यावी, डोक्याच्या जागी तिचा फासा करावा आणि तीच दुसऱ्या पावलापर्यंत खाली आणावी. दुसरी तार दोन्ही हातांसाठी. तार नेहमी हाडाच्या जागी, अवयवाच्या मधोमध असावी, आणि वाकवायची ती सांध्यांवरच.

हा सांगाडा जाड फळीवर ठोकलेल्या काटकोनी लोखंडी गजाला कमरेपाशी घट्ट बांधतात. शिल्पाचा मुख्य भार हा गजच पेलतो. माती घसरू नये म्हणून तारेभोवती बारीक तार गुंडाळतात. बरगड्यांच्या जागी लाकडाच्या दोन लहान पट्ट्यांची फुली टांगतात. तिला ‘बटरफ्लाय’ म्हणतात.

खरी कसोटी पुढेच आहे. देहाचा भार एका पायावर असेल, तर त्या बाजूचे नितंब वर उचलले जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हा तोल तारेतच साधावा लागतो. तारेतील चूक मातीने झाकायला गेले, की मांडी नको तेवढी जाड होते किंवा तार कातडीबाहेर डोकावते. मग कित्येक दिवसांचे काम उतरवून पुन्हा आरंभ करावा लागतो.

माती वाळताना आक्रसते, तार आक्रसत नाही. म्हणून असे शिल्प वाळवल्यास तडे जातात. ते भट्टीतही घालता येत नाही. काम चालू असेपर्यंत ओले फडके आणि प्लॅस्टिक गुंडाळून ठेवायचे आणि पूर्ण होताच प्लॅस्टरचा साचा घ्यायचा. साचा सोडवताना माती नष्ट होते. सांगाडा मात्र बहुधा पुढच्या शिल्पासाठी शिल्लक राहतो.

म्हणूनच माती हाती घेण्यापूर्वी उघडा सांगाडा चारही बाजूंनी न्याहाळावा. नुसत्या तारेतही माणूस उभा, बसलेला किंवा थकलेला ओळखू आला, तरच मातीला हात घालावा.