वाऱ्याची बाराखडी

कोरपन्याला समुद्र नाही. पैनगंगा आहे, वर्धा आहे. पण तिथला डोंगा वल्ह्यावर नाहीतर बांबूवर चालतो, शिडाचे नाव कुणी काढीत नाही. तरीही या भागातल्या जुन्या शेतकऱ्याला वारा शिकवायला कुणा खलाशाने येण्याची गरज नव्हती. मळणीयंत्रे गावोगाव पोहोचण्यापूर्वी खळ्यावर तूर-हरभरा उफणला जाई, तेव्हा सगळा कारभार वाऱ्याच्या हाती असे. सूप घेऊन उंचावर चढलेला माणूस आधी मूठभर कुटार हवेत सोडून पाही. ते कुणीकडे जाते, किती लांब पडते, यावरून उभे कुठे राहायचे आणि सूप किती कलते करायचे हे ठरे. वारा अंगावर घेतला तर कुटार डोळ्यांत. वारा पडला तर सूप खाली आणि तंबाखूची डबी वर.

शिडाची होडी शिकणारा नवखा माणूस पहिल्या दिवशी नेमके हेच शिकतो. वारा दिसत नाही. त्याने हलवलेल्या गोष्टी दिसतात. धूर, झेंडे, गवत आणि पाण्यावरून सरकत येणारा काळपट पट्टा. हा पट्टा म्हणजे येऊ घातलेली झुळूक. तो होडीला भिडण्याआधी तयार राहायचे. काहीच दिसत नसेल तर डोळे मिटून तोंड हळूहळू फिरवायचे. दोन्ही कानांत वारा सारखाच वाजू लागला की नाकासमोर त्याचे घर.

इंग्रज नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टने १८०५ साली वाऱ्याला शून्यापासून बारापर्यंत क्रमांक दिले. पुढे या क्रमांकांना जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. धूर कलला की एक, गालाला वारा जाणवून पाने सळसळली की दोन, डहाळ्या सतत हलत राहिल्या की तीन, धूळ आणि कागद उडू लागले की चार. नवशिक्याने दोन-तीनवर पाण्यात उतरावे आणि चार दिसताच काठाकडे बघावे. ही परीक्षा कोरपन्याच्या बसथांब्यावर उभे राहूनही देता येते.

आता शीड. वारा पाठीमागून ढकलतो आणि होडी पुढे जाते, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी. वारा बाजूने आला की शिडाचा फुगीर पडदा पक्ष्याच्या पंखासारखे काम करतो आणि होडीला पुढे ओढतो. पाण्याखालचा उभा फळा तिला आडवी घसरू देत नाही. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलीच शिडाची होडी जात नाही. त्या दिशेला जायचे तर डावीकडे तिरपे, मग उजवीकडे तिरपे, असे नागमोडी जावे लागते.

शीड किती ओढायचे याचा नियम सोपा आहे. दोर सैल सोडत जा. शिडाची पुढची कड फडफडू लागली की फडफड थांबेल इतकाच ओढा, जास्त नाही. नवखा हमखास जास्त ओढतो. ताणलेले शीड दिसते झकास, होडी कलते, सगळे जोरात चालल्यासारखे वाटते. पण वेग मेलेला असतो. (दोर आवळणे म्हणजेच काम, असे मानणारे वसुली अधिकारी बँकेत मी पुष्कळ पाहिले.) म्हणून शिडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे धागे चिकटवतात. दोन्ही सरळ मागे वाहिले तर शीड बरोबर. वाऱ्याकडच्या अंगाचा धागा नाचू लागला तर शीड थोडे ओढा. पलीकडचा नाचला तर सैल सोडा.

आणखी एक फसगत आहे. एस.टी. सुरू झाली की बाहेर वारा नसतानाही खिडकीतून समोरचा वारा तोंडावर येतो. होडीतही तसेच, तिने वेग घेतला की वारा पुढे सरकल्यासारखा भासतो आणि शीड पुन्हा लावावे लागते. पण सर्वांत फसवा वारा पाठीमागचा. तो सुखाचा वाटतो. मात्र जरा दिशा चुकली की शीड झटक्यात दुसऱ्या बाजूला जाते आणि त्याच्या खालची आडवी काठी डोक्याच्या उंचीवरून सपकन फिरते. तिने माणसे जायबंदी झाली आहेत, दगावलीही आहेत.

ही बाराखडी माणसाला कुठवर नेते? भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. ते राहत फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे समुद्रापासून दूरच. २००६ साली पुढे आले दिलीप दोंदे. पेशाने नौदलातले पाणबुडे, वय चाळिशीला टेकलेले. महासागरातल्या शिडाचे शिक्षण त्यांनी तिथून पुढे घेतले. त्यासाठी ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली राबले. १९६८-६९ साली एकट्याने, कुठेही न थांबता जगाला वळसा घालणारा हा पहिला माणूस. आणि त्याची ‘सुहैली’ होडी बांधली होती मुंबईत! दोंद्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघालेले दोंदे चार बंदरे घेत १९ मे २०१०ला परतले.

मग त्यांनीच नौदलाच्या सहा मुलींना शिकवले. २०१७-१८ मध्ये त्यांनी ‘तारिणी’तून २५४ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण केली. कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. इतरांत कुणी हिमाचलची, कुणी मणिपूरची. डोंगरातल्या या मुली केप हॉर्नला वळसा घालून आल्या.

आपल्या मुलांसाठी त्याहूनही जवळचे उदाहरण मला शेजारच्या मध्य प्रदेशातले वाटते. कोरपन्यासारखाच तोही बिनसमुद्राचा मुलूख. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या मोठ्या तलावावर शीड लावायला शिकली. २०२३च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत, सतराव्या वर्षी, तिने रौप्यपदक मिळवले. होडी एकटीने चालवायची, शीड एकच आणि दोर तिच्याच हातात.