बारा बाइटची वरळी

‘वरळी’ हे नाव रोमन लिपीत लिहिले तर पाच अक्षरे होतात आणि संगणक ती पाच बाइटमध्ये ठेवतो. मराठीत व, र, ळ आणि दीर्घ वेलांटी अशी चारच चिन्हे लागतात, पण जागा मात्र बारा बाइट. आजच्या वेबवर जवळपास सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट मोजावे लागतात. इंटरनेट मंद असेल, तर हा बोजा मराठी वाचकाच्याच माथी बसतो.

मंद म्हणजे किती? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मुंबईकर टेलिफोनच्या तारेला मोडेम लावून जोडला जाई. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, म्हणजे फार तर १,२०० बाइट. ६० हजार बाइटचे पान उतरायला ५० सेकंद, तेही लाइन मध्येच तुटली नाही तर. तोवर घरचा फोन अडलेला. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत मिळणाऱ्या खात्यावर चित्रे नव्हतीच, नुसता मजकूर. तेच पान दाबून पाव आकाराचे केले, तर साडेबारा सेकंदांत येते.

हे दाबण्याचे, म्हणजे कॉम्प्रेशनचे, गणित इंटरनेटहून जुने आहे. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड खूण द्यायची, ही डेव्हिड हफमनची १९५२ची युक्ती. एकदा येऊन गेलेला तुकडा पुन्हा न लिहिता ‘मागे इतक्या अंतरावरचा, इतक्या लांबीचा’ एवढेच सांगायचे, ही लेम्पेल आणि झिव्ह यांची १९७७ची. दोन्ही एकत्र बांधून १९९२ मध्ये जीझिप आले. १९९७च्या एचटीटीपी १.१ नियमांनी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली बोलीही ठरवून दिली: मला जीझिप उलगडता येते, असे ब्राउझरने कळवायचे आणि सर्व्हरने पान दाबून पाठवायचे.

आता ‘वरळी’चे बारा बाइट आकड्यांत पाहा: २२४, १६४, १८१, २२४, १६४, १७६, २२४, १६४, १७९, २२४, १६५, १२८. बहुतेक खरी बातमी दर तिसरा आकडा देतो. २२४ आणि १६४ यांचे पालुपद चालूच राहते. पुनरुक्ती हेच तर जीझिपचे खाद्य! म्हणून दाबल्यावर मराठी आणि इंग्रजी पानांतले अंतर बरेच मिटते. कॉम्प्रेशनचा लाभ इंग्रजीपेक्षा मराठीला जास्त आहे, आणि ते बंद ठेवले तर तोटाही मराठीचाच जास्त.

चित्रांचा न्याय वेगळा. सुकवलेला बोंबील कितीही भिजवला तरी ओला होत नाही, हे वरळी कोळीवाड्यातल्या कोणत्याही घरात ठाऊक असते. फोटो दाबणाऱ्या जेपेग पद्धतीचे तसेच आहे: फोटो हलका होतो, पण गेलेला तपशील परत येत नाही. मजकुराला हे परवडणार नाही. जीझिपमधून निघालेली प्रत काना-मात्रेसकट जशीच्या तशी असते.

पुढे साध्या मोबाइलवर ऑपेरा मिनी हा ब्राउझर आला. त्यात पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर दाबले जाई आणि मग हातात येई. पैसे वाचत, पण वाचकाचा सगळा व्यवहार तिसऱ्याच्या हातून जाई. त्यापेक्षा मूळ सर्व्हरनेच काम करावे, हे केव्हाही बरे. गुगलने २०१५ मध्ये आणलेली ब्रोटली पद्धत तेच करते. तिच्या पोटात १३ हजारांहून अधिक तुकड्यांचा तयार शब्दसंग्रह आहे. त्यात इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन, अरबी यांच्या जोडीला हिंदीही आहे. मराठीचे नाव त्या यादीत नाही. देवनागरीतले मराठी-हिंदीचे सामाईक शब्द तेवढे आपल्या उपयोगी पडतात.

पूर्वी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फॉन्ट निराळा असे, त्यामुळे मजकुराचे चित्र करून टाकणे समजण्यासारखे होते. युनिकोड ही सर्वांना सामाईक पद्धत रुळल्यावर ते कारण उरले नाही, तरी सूचना, पत्रके, कवितासुद्धा अजून चित्र म्हणून चढवल्या जातात. एवढ्याशा मजकुराला चित्राचे वजन कशाला? मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी मजकूर अक्षरांतच ठेवावा आणि आपल्या सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रोटली सुरू आहे का, हे आजच तपासून घ्यावे.