एकादशीचा फराळ आणि नव्या पात्राची शुद्धी

आषाढ शुद्ध नवमी आपल्याकडे कांदेनवमी म्हणून ओळखली जाते. चातुर्मासाच्या उंबरठ्यावरचा हा दिवस. कांदा, लसूण आणि वांगे यांचा चार महिन्यांपुरता निरोप घ्यावयाचा, म्हणून त्या दिवशी घरोघरी कांद्याची भजी, भरली वांगी, लसणीची चटणी असा बेत होतो. दुसऱ्या दिवशी, दशमीला, स्वयंपाकघराची झाडलोट होते. कढया, तवे, झारे घासूनपुसून लख्ख केले जातात. आणि एकादशीच्या पहाटे त्या स्वच्छ भांड्यांत उपवासाचा फराळ शिजू लागतो. नवमीचा निरोप, दशमीची शुद्धी आणि एकादशीचे व्रत अशी ही तीन पायऱ्यांची वाट आपल्या आज्यापणज्यांनी घालून दिलेली आहे.

अलीकडे या भांड्यांच्या ओळीत एक नवे पात्र येऊन बसले आहे. त्याचे नाव एअर फ्रायर. आषाढ जवळ आला की कीर्तन आटोपल्यावर माउली जे प्रश्न विचारतात, त्यांत या पात्राविषयीचा प्रश्न आता हटकून असतो. सासूबाई म्हणतात, “बुवा, सूनबाई त्या यंत्रात साबुदाण्याचे वडे करते. नवमीला त्यातच कांद्याचे वडे झालेले असतात. मग ते उपासाला कसे चालावेत? देवापुढे कसे ठेवावेत?” सूनबाईंची बाजू वेगळी असते. “आईंना तळलेले सोसत नाही, म्हणून तर हा खटाटोप. आणि त्या नुसते कपभर दूध घेऊन पानावरून उठतात.” दोघींचेही खरे आहे. एकीला व्रताची काळजी, दुसरीला प्रकृतीची. प्रश्न वरवर भांड्याचा दिसला, तरी त्याच्या पोटी घरातल्या एका माणसाचे उपाशी राहणे आणि दुसऱ्याचे मन दुखावणे आहे. म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

हे पात्र आहे तरी काय?

प्रथम या यंत्राचे स्वरूप समजून घेऊ. हॉलंडमधील फ्रेड व्हॅन डर वेइ यांच्या कल्पनेतून ते आकारास आले आणि २०१० साली फिलिप्स कंपनीने ते बाजारात आणले. नावात तळण्याचा उल्लेख असला, तरी हे यंत्र तळत नाही, ते भाजते. वरच्या बाजूस विजेवर तापणारी कॉइल असते, तिच्यावर पंखा असतो आणि खाली भोके असलेली टोपली असते. पंखा तापलेली हवा जोराने खाली ढकलतो. ती पदार्थाच्या चहूबाजूंनी फिरते, त्याच्या पृष्ठभागावरील ओलावा झपाट्याने उडवते आणि त्यास खुसखुशीतपणा आणते. म्हणजे ही एक लहानशी बंदिस्त भट्टीच झाली. कढईत पदार्थ तेलात बुडतो. येथे त्यास तेलाचे बोट लावले की पुरते.

आता ‘नवे, म्हणून व्रतास वर्ज्य’ असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्या उपवासाच्या ताटाकडेच पाहावे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सारी अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतरच्या काळात ती आपल्या देशात रुजली. स्मृतिकारांनी यांतला एकही जिन्नस पाहिला नव्हता. तरी आपल्या व्रतांनी त्यांना सामावून घेतले. ज्या परंपरेने नवा कंद स्वीकारला, ती नव्या पात्रास केवळ नवेपणासाठी नाकारणार नाही. तिचा प्रश्न एवढाच असेल: हे पात्र शुद्ध आहे काय, आणि ते शुद्ध कसे करावे?

गंध आणि लेप

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि विज्ञानेश्वराने आपल्या मिताक्षरा टीकेत त्याचे विवरण केले आहे. त्या प्रकरणाची दृष्टी मोठी व्यवहारी आहे. सर्व भांड्यांस एकच उपाय तेथे सांगितलेला नाही. कांसे आणि लोखंड यांस राख व पाणी. तांबे, कथील, शिसे यांस क्षार, आम्ल व पाणी. लाकूड असेल तर ते तासावे. आणि स्नेह लागलेले, म्हणजे तेलकट-तुपकट झालेले पात्र गरम पाण्याने धुवावे. ज्याची जशी जात, तशी त्याची शुद्धी.

मग शुद्धी झाली हे ओळखावयाचे कसे? धर्मशास्त्राने येथे दोन साक्षीदार दिले आहेत: गंध आणि लेप. वस्तूला चिकटलेल्या मळाचा वास आणि त्याचा थर नाहीसा होईपर्यंत माती-पाणी वापरावे, असा त्याचा आशय. हे वचन अमंगल पदार्थांविषयी आहे, कांद्याविषयी नव्हे, हे खरे. परंतु कसोटी म्हणून ते आपल्या प्रश्नास तंतोतंत लागू पडते. नाकाने वास घ्यावा, बोटाने थर पाहावा. दोन्ही नसतील तर पात्र शुद्ध. दोहोंपैकी एकही असेल तर पुन्हा धुवावे.

एअर फ्रायरच्या बाबतीत अडचण येते ती नेमकी येथे. कढईचा मळ डोळ्यांना दिसतो. या यंत्राचा मळ डोक्यावर लपलेला असतो. टोपली आपण धुतो, पण पदार्थातून उडालेले तेलाचे सूक्ष्म कण वरच्या कॉइलवर आणि तिच्या जाळीवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी कॉइल तापली की तेच तेल जळते, धूर होतो आणि नवमीचा कांदा एकादशीच्या वड्यात उतरतो. सासूबाईंच्या नाकाला येणारा वास हा भ्रम नव्हे. तो खरा आहे आणि त्याचे स्थान टोपलीत नसून वर आहे.

दशमीची शुद्धी

म्हणून दशमीला या पात्राची शुद्धी पुढील क्रमाने करावी.

प्रथम प्लग काढून यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. अर्धा तास तरी जाऊ द्यावा. तापलेल्या टोपलीवर थंड पाणी ओतले तर तिचा आतला मुलामा बिघडतो. खाली साचलेले तेल कागदाने टिपून घ्यावे. ते मोरीत ओतू नये, नळी तुंबते. मग टोपली आणि तिच्याखालचे भांडे गरम पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून, पंधरा-वीस मिनिटे भिजवावे. स्नेहयुक्त पात्रास गरम पाणी सांगणारे स्मृतिवचन येथे जसेच्या तसे उपयोगी पडते. भिजल्यावर मऊ स्पंजाने पुसावे आणि भोकांत अडकलेले कण मऊ ब्रशाने काढावेत.

येथे माउलींना एक विनंती. हातात राख, विटेची पूड, काथ्या किंवा तारेची घासणी घेऊ नका. तांब्या-पितळेला जे मानवते ते या मुलाम्याला मानवत नाही. तो खरवडला जातो. मुलाम्याचे पोपडे सुटू लागले असतील तर ती टोपली बदलावी.

चिकट डाग राहिला तर खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी कालवून तो लेप वीस मिनिटे लावून ठेवावा आणि धुवावा. वास राहिला तर लिंबाची फोड फिरवून दहा मिनिटांनी पुन्हा धुवावे. सोडा हा क्षार, लिंबू हे आम्ल आणि शेवटी पाणी: जुन्या ग्रंथातली त्रयी नव्या स्वयंपाकघरात अशी कामाला येते. मात्र मुलामा नसलेल्या उघड्या ॲल्युमिनियमला सोडा लावू नये, ते काळवंडते.

आता मुख्य काम. थंड झालेले, प्लग काढलेले यंत्र आडवे करावे, म्हणजे वरची कॉइल दिसू लागते. पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने कॉइल आणि तिची जाळी हलक्या हाताने पुसावी. थर जाड असेल तर फडक्याला साबणाचा थेंब लावावा आणि नंतर स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावे. यंत्राचे धड कधीही पाण्यात बुडवू नये, त्यावर पाणी ओतू नये. सर्व भाग कोरडे झाल्यावर ते रिकामेच १८० अंशांवर चार-पाच मिनिटे चालवावे, म्हणजे उरलासुरला ओलावा जातो. मग टोपली ओढून वास घ्यावा. वास नसेल तर दशमीचे काम झाले. असेल तर कॉइल पुन्हा पुसावी. उदबत्तीच्या सुगंधाने तो झाकू नये.

ज्यांच्या घरी सोवळ्याचे नियम कडक आहेत, त्यांनी उपवासासाठी आणि नैवेद्यासाठी दुसरी टोपली राखून ठेवावी, किंवा देवघराकडची लहान स्टीलची ताटली टोपलीत ठेवून तीत पदार्थ भाजावा. ताटली टोपलीपेक्षा लहान असावी, म्हणजे हवा कडेने फिरेल. पण टोपली वेगळी ठेवली म्हणून कॉइल पुसण्याचे काम टळत नाही. कॉइल दोन्ही टोपल्यांना एकच.

एकादशीचा फराळ

साबुदाण्याचा वडा तेलात फुटून तेल अंगावर उडण्याचा धोका प्रत्येक घराला ठाऊक आहे. वयस्कर हातांना तो अधिक. या यंत्रात तो टळतो. साबुदाणा बोटाने सहज दाबला जाईल इतका भिजलेला असावा; अर्धवट भिजलेला कोरड्या हवेत दातांना लागेल असा कडक राहतो. उकडलेला बटाटा, दाण्याचे कूट, जिरे, मिरची, सैंधव घालून मळावे आणि गोळ्याऐवजी चपटे वडे थापावेत, म्हणजे उष्णता आतवर पोचते. यंत्र आधी पाच मिनिटे तापवावे. वड्यांना दोन्ही बाजूंनी दाण्याचे तेल किंवा तूप बोटाने लावावे. सहा वड्यांस दोन लहान चमचे पुरतात. एका थरात, एकमेकांस न चिकटवता मांडून १८० ते १९० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे ठेवावेत आणि निम्म्या वेळी उलटावेत. रताळ्याच्या कापांना तूप चोळून १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. डब्यातून फवारायचे तेल वापरू नये. त्याचा चिकट थर मुलाम्यावर बसतो.

पदार्थ सोनेरी झाला की काढावा, काळा करू नये. बटाट्यासारखे पिठूळ पदार्थ १२० अंशांहून अधिक उष्णतेत करपू लागले की त्यांत ॲक्रिलामाईड नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले. ते कढईतही होते आणि या यंत्रातही. म्हणून ‘यंत्रातले म्हणजे निर्दोष’ असेही मानू नये.

यंत्राच्या मर्यादाही जाणाव्यात. उपवासाचे पापड आणि बटाट्याचा वाळवलेला कीस हलका असतो. पंख्याच्या वाऱ्याने तो उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो. त्यावर स्टीलची जाळी ठेवल्याखेरीज तो यात घालू नये. पातळ पिठातले पदार्थ भोकांतून गळतात. तेव्हा नवमीची भजी कढईचीच. आणि चवीविषयी सांगावयाचे तर हा वडा तुपातल्या वड्याची बरोबरी करणार नाही. त्याची तुलना तळलेल्याशी न करता तो भाजलेला पदार्थ म्हणून खावा, म्हणजे गोड लागतो.

एक सूचना अत्यंत महत्त्वाची. सोवळ्याचे ओलेते नेसून किंवा ओल्या हाताने या यंत्राच्या प्लगला आणि बटणांना स्पर्श करू नये. ते सुमारे १,४०० ते १,७०० वॉट वीज ओढते. त्यास जाड पिनांचा भिंतीतला स्वतंत्र सॉकेट द्यावा, लांबवलेली वायर नको. यंत्राच्या मागून गरम हवा बाहेर पडते. मागे वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि पडद्याजवळ किंवा लाकडी देवघराखाली ते मांडू नये. ओलेत्यानेच नैवेद्य करण्याचा ज्यांचा कुलाचार आहे, त्यांनी तो खुशाल चुलीवर वा गॅसवर करावा. कुलाचार मोडण्याची येथे कोणासही गरज नाही.

द्वादशीचे पारणे

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. गंध गेला, लेप गेला, तर त्या पात्रातला वडा उपवासास चालतो. आणि ज्या घरी कुलाचाराची आडकाठी नाही, तेथे तो देवापुढेही ठेवावा. सासूबाईंनी शंका घेतली यात चूक नाही. त्यांच्या नाकाने जे टिपले, ते शास्त्राचेच लक्षण होते. परंतु तीच परीक्षा पार पडल्यावर पान नाकारणे हे मात्र शास्त्र नव्हे. सुनेने दशमीच्या दुपारी कॉइल पुसताना सासूबाईंना शेजारी बसवून घ्यावे आणि वास त्यांनाच घेऊ द्यावा. डोळ्यांदेखत झालेली शुद्धी मनातल्या शंकेसही धुऊन काढते.

द्वादशीस पारणे फिटले की त्याच दिवशी टोपली आणि कॉइल पुन्हा पुसावी. चातुर्मासात एकादश्या वारंवार येतात. ज्या घरात हे काम वापरानंतर लगेच होते, तेथे पुढच्या दशमीला फारसे काही उरत नाही.